निळ्या रांगेतले लाल दोरे

३ एप्रिल

चि. भिंग्यास, अनेक आशीर्वाद.

दुकान बरं चाललं असेल. लोकांचे डोळे काही सुधारत नाहीत, तेव्हा चष्मेवाल्याच्या पोटाची मला काळजी नाही. कामाचं लिहिते.

आईचा निळा बिघडला आहे.

हसू नकोस. मागच्या भिंतीलगतच्या कॉर्नफ्लॉवरच्या रांगेबद्दल लिहिते आहे. तुझ्या बायकोला आधीच सांगून ठेव की ही सूप दाट करायची पूड नव्हे, मागच्या वेळी तिनं मला किती चमचे घालायचे ते विचारलं होतं. आईची पद्धत तुला आठवत असेल. पहिली फुलं उमलली की ती रांगेतून सावकाश चालायची आणि सगळ्यात गडद निळ्या झाडांना लाल दोरा बांधायची. बी धरायचं ते फक्त दोऱ्याच्या झाडांचं. फिकं किंवा गुलाबीकडे झुकलेलं झाड दिसलं की ते मुळासकट बाहेर. तिनं जन्मभर हेच केलं आणि तिच्यानंतर मी. म्हणून तर बाजारात फुलवाले आधी माझ्या जुड्या उचलतात, मग बाकीच्यांकडे वळतात.

यंदा फुलं राखेत बुडवून काढल्यासारखी आली आहेत. धड निळी नाहीत, धड काळी नाहीत. गेल्या वर्षीच मला शंका आली होती. फुलवाला म्हणतो, "बाई, माल नेहमीसारखाच आहे." तोही सामील असेल.

आता कोणाला सामील, ते सांगते. आमच्या सूनबाईला या घरात येऊन दोन वर्षं झाली आणि रंग उतरायला लागला तोही तेव्हापासूनच. ती छापखान्यात शाई जुळवते हे तुला माहीत आहे. तिथं छापतात काय, तर बियाण्यांची पाकिटं! बियाणं विकणारी मोठमोठी माणसं तिथं रोज येतात. आणि ही मला गोड आवाजात विचारते, "आई, बी कधी पिकतं? कुठं ठेवता?" तूच जोड आता. खरं बी बाहेर गेलं आणि माझ्या डब्यात भलतंच आलं, दुसरं काय?

पोरगा पुलाच्या कामावर, रविवारी घरी येतो. त्याला सांगून उपयोग नाही. बायको म्हणेल ती पूर्व दिशा.

एक खरं सांग. आईनं जाताना तुला यातलं बी दिलं होतं का? मला म्हणाली होती, "सगळं तुझ्याकडेच देते." पण तू पडलास तिचं शेंडेफळ.

तुझी,
अक्का

१४ एप्रिल

ती. अक्कास, सा. नमस्कार.

शपथेवर सांगतो, आईनं मला एक बी दिलं नाही. मागितलं होतं, तर म्हणाली, "तू खत घालून मारशील." बरोबरच बोलली. या फुलाला कसदार माती दिली की नुसता पाला वाढतो आणि झाड आडवं पडतं, एवढं मलाही आता ठाऊक आहे.

मधमाश्यांचा विचार केलास का? शेजारी कोणी फिकी जात लावली असेल तर माश्या परागांची अदलाबदल करतात आणि पुढच्या वर्षी तुझ्या रांगेत पाहुणे उगवतात. पण हा झाला साधा विचार, आणि आपल्या घरात साधा विचार कोण करतो?

तुझ्या या फुलाचा इतिहासच असा. धान्याच्या शेतात न बोलावता उगवायचं आणि देठ इतका चिवट की कापणाऱ्यांच्या विळ्याची धार जायची. शेतकरी त्याला शिव्या घालत आणि पोरी त्याच्याच माळा करत. कुठल्याशा प्राचीन राजाच्या थडग्यात, पोरसवदा राजा होता बिचारा, त्याच्या अंगावरच्या हारात हीच फुलं निघाली म्हणे, हजारो वर्षांनी. आणि परवा एका गिऱ्हाइकानं सांगितलं की लाल गुलाबाचा रंग आणि याचा निळा हे मुळात एकच द्रव्य आहे, आतल्या बाकीच्या मिश्रणानं ते वेगळं दिसतं. म्हणजे रंगाचा भरवसा धरूच नये.

आणि माणसांचा? बाबांची गोष्ट विसरलीस का? कोटाच्या काजात हे फूल खोचून आईला भेटायला गेले होते. संध्याकाळपर्यंत फूल टवटवीत राहिलं तर प्रेम खरं, कोमेजलं तर नाही, अशी जुनी समजूत. आईनं ते ताजं फूल बघून होकार दिला. मग लग्नानंतर वीस वर्षांनी कळलं की बाबांनी वाटेत तीनदा फूल बदललं होतं! आपल्या घराण्याचा पायाच फसवणुकीवर उभा आहे, अक्का, तेव्हा तुझा संशय मला अगदीच परका वाटत नाही.

सल्ला ऐक. तोंडानं काही बोलू नकोस. दोरे बांध, कुठल्या झाडांना बांधलेस ते लक्षात ठेव आणि डोळ्यांत तेल घालून बस. चोर आपणहून पुढं येतो. माझ्या दुकानात मी असंच करतो, काच कोणी फोडली हे कधी विचारत नाही, नुसता बघत राहतो.

तुझा,
भिंग्या

२६ एप्रिल

चि. भिंग्यास,

सापडली!

तू सांगितल्याप्रमाणे मी पाच झाडांना दोरे बांधले. स्वच्छ, उजळ फुलांची पाच झाडं काय ती राहिली होती, बाकी सगळा चिखल. काल सकाळी चहा ठेवून मागच्या दारात गेले तर सूनबाई रांगेपाशी उकिडवी बसलेली, कामावर जायच्या कपड्यांत. एक दोरा दातांत धरलेला आणि दुसरा सोडवत होती.

मी म्हटलं, "काय चाललंय?"

दचकली. मग म्हणते, "आई, हा दोरा चुकून फिक्या झाडाला बांधला गेलाय. मी नीट बांधते."

"चुकून? माझ्याकडून?"

"हे बघा ना, खरं गडद हे आहे." असं म्हणून तिनं मला कुठलं झाड दाखवलं असेल? सगळ्यात मळकं! गंजलेल्या लोखंडासारखं. भिंग्या, माझ्यासमोर उभी राहून, माझ्याच आईच्या फुलांबद्दल, डोळ्यांदेखत खोटं. कानामागून आली आणि तिखट झाली ती ही अशी.

आता तिच्या बाकीच्या कामांकडेही लक्ष देते आहे. चादरी धुवायच्या तर नीळ घालत नाही. वाळत घातलेल्या चादरी पिवळ्या दिसतात. विचारलं तर म्हणते, "आई, पांढऱ्याच आहेत." शेवटी मी स्वतः नीळ घालायला घेतली. एकदा घातली, पुरेना, मग आणखी, मग आणखी. आता कुठं चादरींना पांढरेपणा आला आहे. पोरानं स्वयंपाकघरात नवा दिवा लावला आहे तोही असलाच पिवळट. स्वस्तातला आणला असणार.

माझं म्हणशील तर बरी आहे. उन्हात डोळे चुरचुरतात, काही विशेष नाही. आईचं निळं पाणी घालते आहे, फुलं उकळून गार केलेलं. तुझ्या धंद्यावर आई काय म्हणायची ते आठवतं ना? या फुलाच्या पाण्यानं म्हातारेसुद्धा चष्मा मोडून टाकतात. म्हणून तुला या फुलाचा राग.

पूर्ण रांग उपटून टाकावी असं मनात आहे. बाटलेलं बी जमिनीत सांडलं की पुढची दहा वर्षं आपोआप उगवत राहील. आईच्या नावावर असलं फूल बाजारात जाण्यापेक्षा काहीच न गेलेलं बरं.

अक्का

४ मे

ती. अक्कास, सा. न.

तुझं पत्र दोनदा वाचलं. माणसाला रंगेहाथ पकडल्यावर आणखी काय पुरावा हवा? खरं सांगायचं तर लग्नातच मला तिचं ते सारखं सगळ्यांकडे निरखून बघणं खटकलं होतं. बायको म्हणाली, "अहो, तिचं कामच रंग बघण्याचं आहे." बायकोचा स्वभाव भोळा.

तिचं कपाट बघ. बी कुठंतरी असणारच. आणि रांगेचं म्हणशील तर तुझी बाग, तुझा हक्क.

ते निळं पाणी मात्र डोळ्यांत घालू नकोस. घालायचंच असेल तर निदान नीट गाळून घे. नंबर वाढला असेल तुझा, जुनी फ्रेम पाठव, मी काचा बदलून देतो. बहिणीला सवलत नाही, आधीच सांगतो.

भिंग्या

१९ मे

ती. मामांना, सा. नमस्कार.

माझं पत्र बघून आश्चर्य वाटेल. तुमचा पत्ता यांच्याकडून घेतला. आम्ही दोघं आता पुलाजवळच्या कामगारांच्या खोल्यांत राहायला आलो आहोत. भाच्याची बाजू तुम्ही एकदा ऐकावी असं यांना वाटतं, पण हे लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते.

आईंनी माझं कपाट उघडलं. त्यात छापखान्यातलं बियाण्याचं एक पाकीट होतं, वर निळं फूल छापलेलं, आत काही नाही. तो शाईचा नमुना होता. आमच्याकडे सगळेच असे नमुने घरी आणतात. आईंच्या फुलाशी तो निळा जुळतो का ते मला बघायचं होतं. जुळत नव्हता, त्यांचा फारच सुंदर आहे. हे सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, "विकलंस ते विकलंस, वर पाकीटही छापलंस?"

त्यानंतर मी एक शब्द बोलले नाही. मला बोलता आलं असतं, मामा, पण संताप इतका होता की भलतंच काही तोंडातून गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळी रांग उपटली. मी दोरे का हलवत होते ते आता तुम्हाला तरी सांगते. त्यांनी दोरे बांधले होते ते सगळ्यात फिक्या झाडांना. जवळजवळ पांढरट फुलांना! आणि उपटत होत्या ती गडद झाडं. गेल्या वर्षीही त्यांनी हेच केलं होतं. मी नवीन होते, मला वाटलं यांची काही वेगळी पद्धत असेल. यंदा बघवेना म्हणून गुपचूप दोरे हलवायला गेले. सांगायला हवं होतं, पण आईंना काही सांगणं सोपं नसतं हे तुम्हाला माहीत असेल.

चादरींचंही तसंच. इतकी नीळ घातली आहे की त्या आता शाळेच्या गणवेशासारख्या निळ्या झाल्यात. शेजारीण विचारत होती की रंगकाम काढलंय का. आणि आई दोरीसमोर उभ्या राहून म्हणतात, "आता कशा पांढऱ्या दिसतात!" आधी मला वाटलं मला टोमणा मारतात. पण चेहऱ्यावर समाधान असतं हो त्यांच्या.

उपटलेल्या झाडांची त्यांनी होळी केली. त्या आगपेटी आणायला आत गेल्या तेवढ्यात मी ढिगातून खरी गडद तीन झाडं ओढली आणि धुवायच्या चादरींच्या टोपलीत तळाशी लपवली. इथं आणून खिडकीत उलटी टांगून ठेवली. बोंडं बऱ्यापैकी भरली होती, ती वाळली. सोबत त्यांचं बी पाठवते आहे. बी चोरल्याचा आरोप ऐकला तेव्हा मी चोरलं नव्हतं, नंतर मात्र खरंच चोरलं. तुम्ही जपून ठेवा. माझ्याकडे सापडलं तर उरलंसुरलंही संपेल. आणि कृपा करून आईंना यातलं काही कळवू नका.

आपली,
सून

२४ मे

ती. अक्कास, सा. न.

हे पत्र बसून वाच, आणि वाचून झाल्याशिवाय फाडू नकोस.

चादरींचं मला कळलं. कसं कळलं ते विचारू नकोस. मी काल तुझं एप्रिलचं पत्र पुन्हा काढलं. चादरी पिवळ्या, दिवा पिवळट, फुलं मळकी, ऊन सोसत नाही. हे सगळं एका कागदावर, तुझ्याच अक्षरात आणि मी, तीस वर्षं लोकांचे डोळे तपासणारा गाढव, सुनेचं कपाट बघ म्हणून तुला सांगतो! एखाद्या गिऱ्हाइकानं यातली दोन लक्षणं सांगितली असती तर मी त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवलं असतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

अक्का, तुला मोतीबिंदू झाला आहे. डोळ्यातलं भिंग वयानं पिवळं पडतं. मग बाहेर सगळं आहे तसंच असतं, पण माणूस पिवळ्या काचेतून बघतो. आणि पिवळी काच सगळ्यात आधी खाते ती निळा रंग. गडद निळा काळपट दिसतो, फिका निळा तेवढा उजळ वाटतो. हे इतकं हळूहळू होतं की ज्याचं त्याला कळत नाही. कावीळ झालेल्याला जग पिवळं, ही म्हण आपण दुसऱ्यांसाठी वापरत आलो.

म्हणजे दोरे चुकीच्या झाडांना तू बांधलेस. आणि तिनं ते बरोबर झाडांना बांधले.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, तसाही तू ठेवत नाहीस. सोबत दोन दोरे पाठवतो, एक काळा आणि एक गडद निळा. कोणता निळा ते कोणालाही न विचारता मला कळव.

भिंग्या

१ जून

भिंग्यास,

माझ्या पोरानं घर सोडलं आणि तू मला म्हातारी ठरवतोस. आईनं तुला शेंडेफळ म्हणून डोक्यावर बसवलं आणि तू तिथंच बसून सगळ्यांचे केस ओढायचास.

चादरींचं तुला कोणी कळवलं ते न कळायला मी काही दूधखुळी नाही. तिनं पत्र लिहिलं. माझ्या घरातलं बी नेलं, पोरगा नेला, आता भाऊही नेते आहे. आणि तू गेलासही. चार गोड ओळींत विरघळलास.

माझे डोळे ठणठणीत आहेत. सुईत दोरा ओवता येतो मला अजून, दोन-तीनदा प्रयत्न करावा लागतो एवढंच. आणि तुझी परीक्षा! मला वाटलं होतं तू निदान फसवशील तरी हुशारीनं. दोन्ही दोरे काळेच पाठवलेस. खिडकीत नेऊन पाहिले, उन्हात धरून पाहिले. काळा आणि काळा. मी "हा निळा" म्हटलं असतं की तू हसायला मोकळा, होय ना?

घर फार शांत आहे. जेवण उरतं. चूक माझी नाही.

अक्का

५ जून

अक्का,

दोन्ही दोरे काळे नव्हते.

गुरुवारच्या गाडीनं येतो आहे. चार कपडे भरून ठेव. डॉक्टरीणबाई माझ्या ओळखीच्या आहेत आणि त्या माझ्यासारख्या बोलत नाहीत, घाबरू नकोस. मी तिथं हात धरून बसेन.

भिंग्या

१८ सप्टेंबर

चि. भिंग्यास, अनेक आशीर्वाद.

ऑपरेशन केलेला उजवा डोळा आता पूर्ण बरा आहे. डॉक्टरीणबाईंनी थेंब बंद केले. डावा पुढच्या महिन्यात करायचा म्हणतात. तू परत गेल्यापासून मी एकच खेळ खेळते आहे, आधी एक डोळा झाकायचा आणि मग दुसरा. डाव्यानं बघितलं की चादर मळकी पिवळट, उजव्यानं बघितलं की निळीगर्द. अरे, काय त्या चादरी! शेजारणीनं मला काहीच कसं सांगितलं नाही? आता विचारलं तर म्हणते, "तुम्हाला सांगायचं कोणी?"

नव्या डोळ्यानं मी घर बघितलं. कोनाड्यांत जळमटं, ओट्यावर डाग, आरशात तर बघूच नये. सून असताना हे नव्हतं, नाहीतर मी तिला त्यावरूनही बोलले असते.

मग मागच्या दारात गेले. पेरणीचे दिवस जवळ आले. भिंतीलगतची पट्टी रिकामी आहे, राखेचा काळा डाग अजून तसाच. ओंजळभर माती चाळून बघितली, एखादं सांडलेलं बी सापडेल म्हणून. या बीला ब्रशसारखी ताठ केसांची शेंडी असते, लगेच ओळखू येतं. एकही नाही. मी सांडायच्या आधीच उपटली होती ना, फार विचार करून. आईनं जन्मभर सांभाळलेला निळा मी एका सकाळीत जाळला, भिंग्या. साप साप म्हणून भुई धोपटली आणि भुईही आपलीच.

डबा उघडून बघितला तर तळाशी गेल्या वर्षीचं थोडं बी आहे. पण तेही मीच निवडलेलं, म्हणजे फिक्याचंच.

सुनेला लिहायला दोनदा बसले. काय लिहायचं ते कळत नाही.

अक्का

२७ सप्टेंबर

ती. अक्कास, सा. न.

रडू नकोस, डोळ्याला चालत नाही.

सोबत चष्म्याची डबी पाठवतो आहे. आत आईच्या निळ्याचं बी आहे. खरं म्हणजे आईनं जाताना मला थोडं दिलं होतं. मी तुझ्या भीतीनं तेव्हा नाही म्हणालो. इतकी वर्षं दुकानाच्या खणात पडून होतं, काल सापडलं. उगवेल. अर्धं बोट खोल पेर, वरून माती नीट सारख, उजेड लागला तर या बीला कोंब फुटत नाही. पण हे मी कोणाला शिकवतोय?

भिंग्या

४ ऑक्टोबर

चि. सौ. सूनबाईस, अनेक आशीर्वाद.

तुझ्या मामांना खोटं बोलता येत नाही. चष्मे विकतात, पण समोरच्याला काय काय दिसतं याचा त्यांना अंदाज नाही.

त्यांनी मला एका डबीत बी पाठवलं आहे आणि म्हणतात की ते आमच्या आईनं त्यांना दिलं होतं. एप्रिलमध्ये शपथेवर सांगत होते की एक बी दिलं नाही. बरं, डबीत कागदाची पुडी. कागद छापखान्याचा, कडेला शाईच्या चौकोनी ठिपक्यांची रांग असलेला, कापून उरतो तो. पुडीला बांधलेला दोरा लाल. माझ्याच रिळातला, मी तो शेजारी धरून बघितला, उजव्या डोळ्यानं. आणि बी इतकं ताजं की शेंड्या अजून ताठ आहेत. आई जाऊन अकरा वर्षं झाली. एवढं जुनं बी असं दिसत नाही.

तुला ठाऊकच आहे, माझा स्वभाव संशयी. मी विचार केला की आग लावायच्या आधी त्या ढिगाजवळ कोण होतं. मी आगपेटी आणायला आत गेले होते. बाहेर आले तेव्हा तू चादरींची टोपली उचलून चालली होतीस आणि ती टोपली तू दोन्ही हातांनी छातीशी धरली होतीस. त्या दिवशी मी मनात म्हटलं, बघा, कामाचं कसं नाटक करते. आता कळलं टोपलीत काय होतं.

म्हणजे बी तूच चोरलंस. मी म्हणतच होते.

सूनबाई, जन्मात पहिल्यांदा माझा संशय खरा ठरला आणि मी स्वयंपाकघरात बसून रडले, डॉक्टरीणबाईंनी मनाई केली असताना. माझं चुकलं. डोळ्यांचं निमित्त मी सांगणार नाही. डोळ्यांनी रंग चुकवला, पण चोर म्हणायला डोळ्यांनी नाही सांगितलं, ते माझ्या जिभेनं केलं. भावानंही थोडं तेल ओतलं, त्याचा हिशेब मी त्याच्याकडून वेगळा घेईन.

तू रागावून आली नाहीस तर मी काही बोलणार नाही. माझ्यासारखी सासू असती तर मीही आले नसते. पण बी तुझं आहे, आणि मी ते तुझ्याशिवाय पेरणार नाही. पुडी उघडून बघितली, पुन्हा बांधून ठेवली. पट्टी खणली आहे, खत घातलेलं नाही, राख काढून टाकली. पाऊस नाही पडला तर महिनाभर थांबता येईल.

तुमच्या खोलीत नवी चादर घालणार होते. मग त्या निळ्या चादरींतलीच एक घातली. चार वेळा धुतली तरी ढिम्म हलली नाही. त्या पोराला सांग, हसायचं असेल तर इथं येऊन हस, तिथं पुलावर उभं राहून नको.

आणि फुलं येतील तेव्हा दोरे तू बांधायचेस. मी मागून रीळ धरून चालेन.

तुझी,
आई